झगेवाल्याचा वाकडा काठ

पाठीमागे बोलायची मला सवय नाही. जे असेल ते तोंडावर. म्हणून आधी तक्रार सांगते, ओळख मागाहून. या घरातल्या बटणने मला वापरून वायर कापली. कापड नाही, दोरा नाही, वायर. वरून काळं रबर आणि आत तांब्याच्या तारा. कापली ती कापली, वर मला फ्रॉकला पुसलं, होते तशी खिळ्याला अडकवलं, दूध प्यायली आणि ओठांवरची पांढरी मिशी तशीच ठेवून आजीला सांगितलं, की वायर उंदराने खाल्ली.

मित्रांनो, बटण म्हणजे कोटाचं बटण नव्हे. बटण ही या घरातली मुलगी. जन्मली तेव्हा वाटोळा चेहरा आणि त्यात शेजारी-शेजारी दोन काळे डोळे, मग शिंप्याच्या घरात दुसरं काय नाव पडणार? तिचं खरं नाव दप्तरावर लिहिलेलं आहे, पण मला वाचता येत नाही. शाळेत जायचा योग एकदाच आला होता. हस्तकलेच्या तासाला कात्री आणा, असं त्यांच्या बाईंनी सांगितलं होतं आणि बटण मला दप्तरात कोंबत होती. आजीने तिचा हात धरला. कागद कापायला ही नेतेस, त्यापेक्षा माझी मान काप, असं म्हणून तिने प्लॅस्टिकच्या मुठीची एक चिमुकली कात्री तिला दिली. माझं शिक्षण तिथेच संपलं. त्यावाचून माझं काही अडलं नाही.

तर मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची, कापड बेतायची. लांबीला हातभर आणि वजनाला अशी, की नवखा माणूस मला उचलतो आणि लगेच दुसरा हात लावतो. मी जन्मले लोहाराच्या भट्टीत. पोलादाच्या एकाच पट्टीचे दोन तुकडे करून त्याने माझी पाती घडवली, म्हणजे दोघी सख्ख्या बहिणी. दिवसभर एकमेकींच्या अंगावर धावून जातात, पण एकमेकींना ओरखडा काढत नाहीत. मध्ये जो येईल त्याची मात्र खैर नसते. घडवून झाल्यावर लोहाराने मला कानाशी धरून एकदा उघडमीट केली आणि तो बायकोला म्हणाला, हिला जीभ आहे. त्या माणसाला माझी पारख होती.

मला या दुकानात आणलं ते आजीच्या सासऱ्यांनी, थोरल्या मास्तरांनी. ते मला कोणाला हात लावू देत नसत. स्वतःच्या भावालाही नाही. आजी तेव्हा नवी सून होती, फितीवरचे आकडे वाचता येतील एवढंच शिकलेली, आणि बोलायला मात्र माझ्यासारखीच. एकदा मास्तर तापाने आडवे झाले आणि नेमका एका बँडमास्तरचा कोट द्यायचा राहिला. आजीने कोणाला न विचारता मला खिळ्यावरून काढलं आणि कोट बेतला. चार दिवसांनी मास्तर उठले. त्यांनी तो कोट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, बगलेत बोट घालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उचललं, पाती स्वतःच्या मुठीत धरली आणि माझी मूठ आजीकडे केली. आमच्या धंद्यात कात्री अशीच देतात. टोक आपल्याकडे, मूठ समोरच्याकडे. त्याचा अर्थ सांगायला शब्द लागत नाही.

त्यानंतर आम्ही दोघींनी काय बेतलं नाही ते विचारा. कोट, झगे, शाळेचे गणवेश, नाटकवाल्यांचे राजे आणि राक्षस. आजीचा हात एकदा सुरू झाला, की मी टेबलावरून अशी जायची जशी काही पाण्यातून होडी. गिऱ्हाइकं बघत उभी राहायची. कापाला कुठे दातरा नाही, कुठे वळसा नाही. आजी म्हणायची, माझ्या कात्रीला वाकडं जाता येत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं अडलं.

मग तयार कपड्यांची दुकानं आली. लोक हँगरवरून कपडे उचलून आणायचे आणि आमच्याकडे फक्त उंची कमी करायला यायचे. चेन बदला, कंबर सैल करा, घसटलेला काठ दुमडून द्या. त्या कामाला मी कशाला लागते? ती प्लॅस्टिकच्या मुठीची नखुरडी पुरते. ती टेबलावर मिरवायला लागली आणि मी खिळ्यावर लटकले. आजी अधूनमधून तेलाचं बोट फिरवून जायची, तेवढीच माझी चौकशी. मी कुरकुरले नाही, असं म्हणत नाही. गंजले नाही, एवढं खरं.

खिळ्यावरून एक सोय झाली. दुकानाच्या मागच्या दारातून आतली खोली दिसते आणि आतल्या खोलीतला टीव्ही माझ्या अगदी समोर येतो. म्हणून पुढचं मी ऐकीव सांगत नाही. पाहिलेलं सांगते.

आजीचा मुलगा, म्हणजे बटणचा बाबा, लांबच्या बंदरावर क्रेन चालवतो. वर्षातून मोजक्या वेळा घरी येतो. फोनवर बाप-लेकीचं बोलणं जेवलीस का, जेवले, तू जेवलास का, इथेच संपायचं. पण रविवारी संध्याकाळी त्याची पाळी सुटली, की दोघं मिळून एक गेम खेळायचे. तो तिकडे त्याच्या खोलीत, ही इकडे टीव्हीसमोर, कानाला हेडफोन आणि हातात ते बटणांचं यंत्र, कंट्रोलर म्हणतात त्याला. गेममध्ये एक बंद पडलेला कारखाना होता. दोन बाहुली त्यातून वाट काढत जायची. बाबाच्या बाहुल्याच्या हातात कंदील, बटणच्या बाहुलीच्या कमरेला किल्ल्या. दोघं दाराच्या दोन बाजूंना उभी राहिल्याशिवाय एकही दार उघडायचं नाही. फोनवर जेवलीस का यापलीकडे न जाणारी ही दोघं खेळताना पोपटासारखी बोलायची. शाळेत कोण कोणाशी बोलत नाही, क्रेनवरून समुद्र कसा दिसतो, आजी कोणत्या गिऱ्हाइकाला काय बोलली. सगळं त्या कारखान्यात फिरता-फिरता. माझ्या समोर ती मुलगी रविवारपासून रविवारपर्यंत जगायची.

आणि मग एका रविवारी तो आला.

आधी आवाज आला. सर्र. थोडं थांबून पुन्हा, सर्र. अंधाऱ्या बोळातून काहीतरी ओढत आणल्यासारखा. मग दाराएवढा उंच, काळ्या झग्यातला, डोक्यावर टोपडं आणि टोपड्याच्या आत नुसता काळोख. हात गुडघ्यांच्या खाली लोंबणारे. तो वळला आणि एकदम अंगावर आला. बटणने हातातलं टाकलं, हेडफोन ओढून काढला आणि धावत येऊन कटिंगच्या टेबलाखाली बसली. हेडफोनमधून बाबाचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. अरे, एवढं काय घाबरायचं बटणराव, ये परत, असं काहीतरी. तो मनाने वाईट नाही. पण हसायला नको होतं.

पुढच्या रविवारी बटणच्या पोटात दुखायला लागलं. त्यापुढच्या रविवारी गृहपाठ होता, आणि ज्या मुलीने कधी सांगितल्याशिवाय वही उघडली नाही तिचा. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण त्या आवाजाने तिच्या डोक्यात घर केलं. टेबलावर आजीने ताग्यातून कापड ओढलं, की सर्र आवाज होतोच. तो झाला की ती दचकायची. या टेबलाखाली ती रांगायला शिकली होती, इथे बसून डब्यातली बटणं निवडायची, आणि आता ती दुकानात पाऊल टाकीना. आईने विचारलं तर काही नाही. आजीने विचारलं तर काही नाही. रविवार जवळ आला की मात्र तिचा चेहरा उतरायचा.

शेवटी एका दुपारी आई बाजारात गेलेली, आजी दारात गिऱ्हाइकाशी बोलत उभी, तेव्हा बटण स्टुलावर चढली आणि तिने मला काढलं. मित्रांनो, मला डोळ्यांपेक्षा हातांची ओळख जास्त. तिचा हात बर्फासारखा गार होता आणि तिने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. मला वाटलं, आता काहीतरी बेतणार. तिने मला आतल्या खोलीत नेलं, कंट्रोलरची वायर माझ्या पात्यांत धरली, डोळे मिटले आणि दाबलं. आत तार खुपली आणि माझ्या खालच्या पात्याच्या धारेला खाच पडली. एवढ्या वर्षांत पहिली.

खोटं दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी एक बाई पडद्याचं कापड घेऊन आली आणि आजीने कधी नव्हे ते मला खाली काढलं. अर्ध्या वाटेवर कापड माझ्या खाचेत अडकलं आणि एक धागा टर्रकन ओढला गेला. आजीचा हात थांबला. तिने मला उजेडात धरलं, खाच पाहिली, खाचेत अडकलेला काळ्या रबराचा कण नखाने काढला आणि हुंगला. मग आत जाऊन वायरीचं टोक उचलून पाहिलं. बटण दारात उभी होती. आजी तिला म्हणाली, "उंदीर कुरतडतो. हा एका दमात घेतलेला तिरका काप आहे. उंदराला मी कटिंग शिकवलेलं नाही."

आजीने तिला जे ऐकवायचं ते ऐकवलं, आणि त्यात माझं नाव इतक्या वेळा आलं, की मलाच संकोच वाटला. थोरले मास्तर काढून झाले, बँडमास्तरचा कोट काढून झाला. मुलगी रडली नाही, नुसती अंगठ्याने फ्रॉकची शिवण कुरवाळत उभी राहिली. अशी उभी राहणारी मुलगी उद्धट नसते. काहीतरी गिळून उभी असते. आजीला ते कळायला संध्याकाळ झाली.

संध्याकाळी बाबाचा फोन आला. आई भाजी निवडत होती, म्हणून तिने फोन जमिनीवर ठेवून मोठ्याने लावला. त्याने इकडचं-तिकडचं विचारलं आणि मग हळू आवाजात म्हणाला, "तिला विचार ना, माझं काही चुकलं का. मी रोज पाळी सुटली की थोडा वेळ जाऊन उभा राहतो त्या दाराशी. येईल वाटतं."

आईने त्याच दुपारी शेजारच्या वायरमनकडून जोडून आणलेली ती वायर लावून टीव्ही सुरू केला. खरंच की. कारखान्यातल्या त्या बंद दारापाशी, कंदील धरून, त्याचं बाहुलं एकटंच उभं होतं. दुसऱ्या बाजूची जागा रिकामी.

बटणने ते पाहिलं आणि ती टेबलाखाली शिरली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. आजी गुडघ्यांवर हात ठेवून, दोन वेळा कण्हून, टेबलाच्या बाजूला जमिनीवर बसली. वर खिळ्यावरून मला फक्त तिचा पांढरा अंबाडा दिसत होता.

"कोण आहे तो?"

"तो येतो. आधी आवाज येतो, मग येतो."

"येतो तर येऊ दे. दुकानात कोणीही येतं. काळं येतं, गोरं येतं, ढेरीवालं येतं, कुबडवालं येतं. गिऱ्हाईक आलं की आपण आधी काय करतो?"

टेबलाखालून बारीक आवाज आला, "माप घेतो."

"मग? न मापताच पळालीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने दुकानाचं अर्धं दार लोटलं, चष्मा लावला, गळ्यात मापाची फीत टाकली आणि टीव्हीसमोर जाऊन बसली. कंट्रोलर तिने उलटा धरला होता. कोणतं बटण दाबायचं ते तिला कुठे माहीत? बटण दाराआड भिंतीला तोंड करून उभी राहिली आणि तिथून सांगत होती, डावं दाब, आता वरचं, नाही आजी, वरचं. आजीची बाहुली एकदा भिंतीवर चालत गेली, एकदा कोपऱ्यात गोल-गोल फिरली. ही बाई उभ्या जन्मात कोणाचं ऐकून चालली नाही, ती गेममध्ये काय चालणार? शेवटी सर्र झालं. सर्र. तो बोळातून आला, त्याला बंद दाराची अडचण नव्हती. आजी खेकसली, "थांबव त्याला." आणि बटणने सवयीने धावत येऊन मधलं बटण दाबलं. तो जागच्या जागी थिजला, एक हात वर केलेला.

आजी उठली, टीव्हीपाशी गेली आणि तिने फीत काढली. बटणने डोळ्यांवर हात धरले होते, पण बोटांच्या फटी मोठ्या होत्या.

आजीने त्याच्या शेजारचं दार मापलं, आपल्या दाराएवढं धरलं आणि त्यावरून त्याची उंची काढली. खांदा, बाही, घेर. प्रत्येक मापागणिक तिची जीभ चालू होती. खांदा एक वर, एक खाली. बगलेपाशी, बाही जोडतात तो मुंढा इतका घट्ट, की याला हात वर करता येईल तो याच थाटात. टोपडं कोणीतरी घाईने चिकटवलेलं. मग ती थबकली, चष्मा कपाळावर सारला, नाक पडद्याला लागेल इतकी जवळ गेली आणि बटणला हाक मारली.

"इकडे बघ. बसणाऱ्या माणसाच्या गुडघ्यामागे चुण्या पडतात. याला एक चुणी नाही. हा कधी बसलेलाच नाही. चिखलातून चालत आला, काठाला शिंतोडा नाही. याच्या आत कोणी नाही गं. नुसतं शिवलेलं आहे. आणि तेही वाईट."

बटण दोन पावलं पुढे आली. "आणि आवाज?"

आजीने आवाज पुन्हा ऐकवायला लावला. मान कलती करून ऐकला. मग दुकानात येऊन ताग्याचं टोक धरून टेबलावरून ओढलं. सर्र. अंगावर घातलेल्या कापडाचा असा आवाज येत नाही, ती म्हणाली, हा टेबलावरून ओढलेल्या कापडाचा. कोणीतरी आपल्यासारखंच एका खोलीत बसून हे कापड ओढलंय, आणि ओढून झाल्यावर चहा प्यायला गेलंय. मग तिने कापडाचं टोक बटणच्या हातात दिलं. बटणने डोळे मिटून हळूच ओढलं. सर्र. डोळे उघडून जोरात ओढलं. सर्र. मग त्या मुलीने तो अख्खा तागा टेबलावर उलगडला, आणि आजी ओरडलीही नाही.

तुम्हाला वाटेल, संपली भीती. तशी संपत नाही ती. बटणने खरं ते सांगून टाकलं: थांबलेला असतो तेव्हा नाही वाटत, हलला की वाटते. आजी म्हणाली, बरं, मग त्याला इथे आणू आणि हलवू आपल्या हाताने.

कपाटात एक जाड काळा पडदा होता, कोणीतरी शिवायला टाकून परत न आलेला. आजीने तो टेबलावर पसरला, मापं खडूने आखली आणि मला खाली काढलं. किती दिवसांनी मला लांब काप मिळाला होता. खाच होती, दर कापाला तिथे कापड थोडं धरायचं, पण माझा आवाज मलाच ऐकावासा वाटत होता. संध्याकाळपर्यंत झगा शिवून झाला. आजीने तो दुकानातल्या कापडी पुतळ्यावर चढवला, टोपडं नीट केलं आणि दोन पावलं मागे सरकून कमरेवर हात ठेवले.

बटणने बघितलं आणि तिला हसू फुटलं. "आजी, हा तो नाही. हा कोणाच्यातरी लग्नाला निघालेला मामा आहे."

खरं होतं. खांदे सरळ, बाह्या मनगटापर्यंत, काठ जमिनीपासून सगळीकडे सारखा. आजीने माप वाकडं घेतलं आणि बेतलं मात्र सरळ. सवय. तिने पुन्हा खडू घेतला, काठावर वेडीवाकडी रेघ मारली, मला रेघेवर लावलं आणि आम्ही निघालो. पण तिचा हात रेघ सोडून सरळच गेला. पुन्हा रेघ. पुन्हा सरळ. आजी स्वतःच्या हातावर चिडली, खडूवर चिडली, सुनेवर चिडली, जी बिचारी काही देणंघेणं नसताना दारातून जात होती. इतकी वर्षं ज्या गोष्टीची ऐट मिरवली, तीच आज आडवी आली होती. आम्हा दोघींना वाकडं कापता येईना.

आजी थांबली. तिने मला उचललं, पाती स्वतःच्या मुठीत धरली आणि माझी मूठ बटणकडे केली.

"तू बघितलंयस त्याला. तू काप."

आता वाकडं कापायचं म्हणजे कसं वाकडं ते आधी पाहायला हवं. बटण टीव्हीपाशी जायची, त्याला थांबवायची, निरखायची, धावत पुतळ्यापाशी येऊन एक काप घ्यायची, पुन्हा जायची. सुरुवातीला लांबून पाहायची. मग गुडघे टेकून काठाशी डोळे नेऊन पाहायला लागली. मग तिच्या लक्षात आलं, की त्याचा डावा काठ उजव्यापेक्षा लांब आहे, आणि तो अंगावर यायच्या आधी नेहमी त्या लांब बाजूला कलतो. खात्री करायला तिने त्याला कितीतरी वेळा अंगावर येऊ दिलं. मला तिचा हात कळत होता. गारठा गेला होता. पहिल्यांदा दोन्ही हात लागले होते, आता एकच होता, दुसऱ्या हाताने ती कापड ताणून धरत होती, जसं आजी धरते. आणि मजा सांगू? ती खाच. जिथे कापड खाचेत अडकायचं तिथे एक झिरमिळी सुटायची, आणि झगेवाल्याच्या काठाला हुबेहूब तशाच झिरमिळ्या होत्या. माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सगळ्यात गबाळं काम. पण खरं सांगते, त्यात मला लाज वाटली नाही.

रविवारी पुतळा झगा घालून टीव्हीशेजारी उभा होता. बटणने हेडफोन घातला आणि खेळायला बसली. दाराशी कंदील होता. ती पळत जाऊन त्याच्या समोर उभी राहिली आणि बाबाचा आवाज इतका मोठा आला, की मला खिळ्यावर ऐकू आला. दार उघडलं. बोळ. अंधार. सर्र.

बटणने दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतले. हातातला कंट्रोलर मात्र सोडला नाही.

"बाबा, तू उजवीकडे सरक. तो डावीकडून येणार. त्याचा डावा काठ लांब आहे."

झगेवाला डावीकडे कलला, झेपावला, आणि दोन बाहुली त्याच्या उजव्या बाजूने निघून पुढच्या दारात पोचली. हेडफोनमधून बाबाने विचारलं, तुला कसं कळलं.

"माप घेतलंय त्याचं," बटण म्हणाली.

मग खेळता-खेळता तिने त्याला सगळं सांगितलं. पोटदुखी, गृहपाठ, वायर, आणि तू हसला होतास तेही. तिकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण ती ऐकत असताना तिचे पाय हळूहळू खुर्चीवरून खाली आले. नंतर तिने आजीला सांगितलं, की त्या दारापुढे एकट्याने जायची बाबाचीही छाती नव्हती. आजी म्हणाली, ते मला तो रांगत होता तेव्हापासून ठाऊक आहे.

अजूनही आवाज आला की बटण पाय वर घेते. असू दे. पाय वर घेऊन खेळता येतं.

दोन दिवसांनी धारवाला आला. त्याने चाक फिरवलं, ठिणग्या उडाल्या आणि माझी खाच गेली. थोडी झिजले, पण माझा आवाज पुन्हा लोहाराने ऐकला होता तसा झाला. झग्याचं म्हणाल, तर समोरच्या नाटकमंडळीतल्या एकाने तो पुतळ्यावर पाहिला आणि तशा दोन झग्यांची मागणी नोंदवून गेला. काठ वाकडाच पाहिजे, असं बजावून गेला. म्हणजे मी पुन्हा टेबलावर आले आणि नखुरडी खिळ्यावर गेली. तिचं वाईट वाटून घेऊ नका, तिला विश्रांतीची गरज होती.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी कोणी असेल तर तिने कागद कापू नका, पुठ्ठा कापू नका, आणि वायर तर मुळीच नाही. वापरून झालं की पुसा, तेलाचं बोट फिरवा, कोरड्या जागी अडकवा. आणि कशाची भीती वाटली, तर दोर कापून मोकळं होऊ नका. दोराच्या पलीकडे कोणीतरी कंदील धरून उभं असतं. जवळ जा, शिवण कुठे आहे ती बघा. एकट्याने जाववत नसेल तर घरातल्या एखाद्या फटकळ बाईला सोबत घ्या. मऊ बोलणाऱ्या अशा कामाला फारशा उपयोगी नाहीत.

आता राहिला निवाडा. तो मीच दिला असता, पण माझ्याकडे एकच शब्द आहे. धार लावून झाल्यावर आजीने मला कानाशी धरून हवेत एकदा उघडमीट केली. तो माझा शब्द. बाकीचं तिने माझ्या वतीने, समोर बटणं निवडत बसलेल्या मुलीला सांगितलं. सांगताना माझी पाती तिच्या मुठीत होती आणि मूठ बटणकडे.

"ऐक गं. घाबरलीस, त्याचं मी कधी नाव काढणार नाही. माझ्या कात्रीने वायर कापलीस, ते मात्र मरेपर्यंत बोलून दाखवीन. आणि तो काठ मी बघितलाय. वाकडं कापायला चांगलं जमतं तुला. ये, आता सरळ शीक."